तीन नाकांचा एक आकार

लंब्या, तो ग्लास खाली ठेव. मस्करी नाही करत मी, ठेव म्हणते ना. नळाचंच पाणी आहे ना ते? मग वर एक बशी झाक आणि राहू दे तसंच. बाकीच्यांचे पण भरून ठेव, झाकून. कुणी घोट घ्यायचा नाही. आधी ऐका. आणि मधेमधे पचकू नका, नाहीतर माझा धागा तुटेल, आणि आज तो तुटलेला मला परवडणार नाही.

मी हल्ली फिल्टर हाऊसला, गावाचं पाणी शुद्ध होतं तिथे, जाते हे तुम्हाला माहितीये. मावशीनेच चिकटवलं. 'घरी बसून लॅपटॉप उबवतेस, त्यापेक्षा चार लोकांच्या उपयोगी पड,' म्हणाली. काम काय, तर साहेबांना चार्ट हवे होते. तिथले साहेब म्हणजे असा माणूस, की त्याला आकडा दिसला की झोप येते आणि रंग दिसला की जाग. वरून तपासणीची माणसं येणार होती, आणि त्यांच्यापुढे ठेवायला साहेबांना काहीतरी देखणं हवं होतं. कुठेतरी त्यांनी रडार चार्ट पाहिला. म्हणजे ते कोळ्याच्या जाळ्यासारखं नसतं का, मधून काड्या निघतात, प्रत्येक काडीवर एक खूण, आणि खुणा जोडल्या की एक आकार होतो, ते. ते त्यांच्या मनातच बसलं. रोजच्या वासाचं एक जाळं, असं वर्षभराचं सगळं एकाच एक्सेल फाइलमध्ये.

वासाचं म्हणजे काय, ते सांगते थांबा. पाण्याचं सगळं मशीन मोजतं. गढूळ किती, क्लोरीन किती, जंतू किती. पण वास मशीनला कळत नाही. म्हणजे अमुक एका गोष्टीचा शोध घे म्हटलं तर घेतं, पण 'काहीतरी वेगळं येतंय बरं का' हे नुसतं नाकच सांगू शकतं. म्हणून तिथे तीन माणसं नेमलेली आहेत. रोज सकाळी झाकलेल्या ग्लासात कोमट पाणी घ्यायचं, गोल फिरवायचं, झाकण जरासं सरकवून हुंगायचं, मग घोट तोंडात घोळवून थुंकायचा. मग आठ वासांना मार्क द्यायचे. माती, शेवाळ, गवत, मासळी, क्लोरीन, गंज, गोडसर, आणि औषधी. आणि नियम असा, की तिघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही, 'हूं' पण करायचं नाही. कारण एकाने नाक मुरडलं की दुसऱ्याला नसलेला वास यायला लागतो. मावशीचं वाक्य आहे, 'नाक भित्रं असतं, शेजारच्याचं ऐकतं.'

त्या तिघांत मुख्य नाक म्हणजे मावशी. बाकी दोघं म्हणजे पंपवाले काका आणि लॅबमधली ताई. आणि मावशीचं नाक म्हणजे काय सांगू. आमच्या खानदानात त्याची दहशत आहे. दादा, म्हणजे तिचा मुलगा, कॉलेजात असताना एकदा मित्राच्या गच्चीवर सिगरेट ओढून, आंघोळ करून, शर्ट बदलून, अर्धा डबा पेपरमिंट चघळून घरी आला. मावशी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथूनच म्हणाली, 'पेपरमिंट कशाला वाया घालवलीस?' तर असं ते नाक. लग्नकार्यात लोक तिच्यापासून दोन हात लांब बसतात.

असो. तर मी बसले स्क्रिप्ट लिहायला. पायथन, एक लायब्ररी, काही जड नाही. दर दिवसाची एक शीट, त्यात आठ ओळी आणि तीन रकाने, त्यावरून एक रडार चार्ट बनवून शेजारीच चिकटवायचा, पुढची शीट, परत तेच. नमुन्याचा कोड उचलला, नावं बदलली, चालवला, फाइल उघडली. सगळ्या शीटवर चार्ट आला. मी खुर्चीतच एक गिरकी घेतली. आणि मग नीट बघितलं, तर जाळ्यात एकच आकार. तीन माणसं, पण आकार एक.

मला वाटलं, अच्छा, मी आतून भरलेला प्रकार निवडलाय. त्यात काय होतं, शेवटचा रंग वर बसतो आणि खालचे दोन झाकले जातात. गोधडीखाली कोण झोपलंय ते दिसत नाही, तसं. म्हणून भरणं काढलं, नुसत्या रेघा ठेवल्या. परत चालवलं. तरी एकच रेघ.

मग म्हटलं, आपलाच गाढवपणा. लूपमध्ये तिन्ही वेळा एकाच रकान्याकडे बोट दाखवलं असणार. ही चूक मी इतक्या वेळा केलीये की ती आता मला ओळख दाखवते. पण नाही, रकाने बरोबर होते. तरी खात्री म्हणून एक खोटी शीट केली, एकाला सगळे एक, दुसऱ्याला सगळे दोन, तिसऱ्याला तीन. चालवलं, तर एकात एक अशी तीन छान जाळी, कांद्याच्या चकतीसारखी. म्हणजे स्क्रिप्ट ठणठणीत होती.

मग मी एक गंमत केली. मावशीची रेघ एकदम जाड केली, त्यावर काकांची मध्यम, त्यावर ताईची बारीक. आणि मग दिसलं. तिन्ही रेघा होत्या. एकावर एक, तंतोतंत, निळ्यात हिरवी, हिरव्यात लाल, कुठेही केसाचा फरक नाही. तिघांनी पाठीला पाठ लावून, एकमेकांकडे न बघता, आठच्या आठ वासांना तेच मार्क दिले होते. बरं, एक दिवस असं झालं तर म्हणू वा, काय एकमत आहे. मी पुढची शीट उघडली. तेच. त्याच्या पुढची. तेच. आकार पण तोच, क्लोरीनच्या काडीवर जरासं टोक पुढे आलेलं आणि बाकी सगळं आत दबलेलं. एका बाजूने बघितलेल्या चेहऱ्यासारखा, नाक पुढे काढलेला.

मग मी मागे गेले. पार वर्षाच्या सुरुवातीपासून सगळे चार्ट एका लांब शीटवर ओळीने लावले आणि माउसचं चाक फिरवत सुटले. आणि काय सांगू तुम्हाला. सुरुवातीला तिन्ही रेघा नुसत्या भांडत होत्या. काकांचं गंजाकडे टोक, ताईचं शेवाळाकडे, मावशीचं भलतीकडेच. रोज आकार वेगळा, कधी फुगलेला, कधी आत गेलेला, भरभर स्क्रोल केलं की छातीचा भाता चालल्यासारखं वाटायचं. आणि मग हिवाळा संपता संपता एका जागी तो भाता थांबला. पुढे कितीही चाक फिरवा, तोच चेहरा. उन्हाळा गेला, तळं आटलं, परत भरलं, पाण्याचा रंग बदलला, तरी तोच चेहरा. शेजारी पंपांचा तो घूंऽऽ आवाज चालू होता, रोजचाच, पण मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं पाणी कुठेतरी चाललंय. लोकांच्या घरात चाललंय.

काल संध्याकाळी मी मावशीकडे गेले. विचारायलाच गेले होते, पण जिभेवर येईना. ती टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होती. गॅसवर दूध. आणि मला दारातच करपल्याचा वास आला. नुसता वास नाही, धूर होता, पातेल्याच्या कडेने काळं चढत होतं. आणि मावशी त्याच्यापासून दोन हातांवर बसून मला विचारतेय, 'पाच अक्षरी, आडवा, वाऱ्याला दुसरा शब्द काय गं?' मी धावत जाऊन गॅस बंद केला. ती दचकली, आणि लगेच म्हणाली, 'अगं हो, लक्षच नव्हतं.' तेवढ्यात बाल्कनीतून दादा आत आला. हातात सिगरेट. लपवलेली नाही, पाठीमागे नाही, चक्क बोटांत. मी डोळे वटारले तर तो हळूच म्हणतो, 'अगं, आई हल्ली काहीच बोलत नाही. मला वाटतं तिने मला माफ केलं.'

माफ कसलं केलंय, डोंबल. मी मावशीकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे, आणि तिला कळलं की मला कळलं. तिने पेन खाली ठेवलं. दादाला म्हणाली, जरा खालून दूध घेऊन ये. तो गेल्यावर तिने मला शेजारी बसवलं.

ताप आला होता ना तिला, हिवाळ्यात, आठवतंय? मी दोन दिवस इथे आले नव्हते तेव्हा. तो ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. तिला वाटलं येईल परत. रोज सकाळी उठून ती साबण हुंगायची, मग लसूण, मग फिनेल. काही नाही. भिंत हुंगल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. ती वाट बघत राहिली, आणि कुणाला बोलली नाही. मी विचारलं, मग कामावर काय करत होतीस? तर ती म्हणाली ते अगदी साधं होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

'चिमणे, मी कुणाचं वाईट नाही केलं गं. ते दोघं आहेत ना. त्यांची नाकं मीच तयार केलीत. मी शीट उघडायची, त्यांचे आकडे बघायची आणि तेच ठेवायची. ते चुकणार नाहीत.'

माझ्या डोक्यात मात्र तो एकावर एक बसलेला चार्ट होता. मावशी त्यांचं बघते हे ठीक. पण मग ते दोघं तरी एकमेकांसारखे कसे?

आज सकाळी गेल्या गेल्या काकांना गाठलं. ते पंपांच्या खोलीत कानाला कापूस लावून बसलेले असतात, त्यामुळे त्यांच्याशी कुजबुज करता येत नाही, ओरडून गुपित विचारावं लागतं. मी आडून आडून विचारलं, काका, तुम्ही मार्क कसे देता? तर ते हसले. त्यांचं म्हणणं, मावशीचे आकडे आधीच भरलेले असतात. आणि सूर्य उगवला असताना काडी कोण पेटवतं? 'तुझ्या मावशीने सांगितलं म्हणजे ब्रह्मदेवाने सांगितलं, बाळ.' आणि त्यांना तर तेवढंही करावं लागत नाही म्हणे. त्यांच्या रकान्यातही आकडे आधीच असतात. त्यांना वाटायचं, ताई गुणाची पोरगी, माझ्या गुडघ्यांना जिना चढायला नको म्हणून मावशीचं बघून माझंही भरून टाकते.

मी जिना दोन दोन पायऱ्या ओलांडत लॅबमध्ये. ताई. ताई म्हणजे खरंच गुणाची, कुणाचं मन मोडवत नाही तिला. मी विचारलं, तू काकांचे आकडे भरतेस का? ती म्हणाली, छे, मी कशाला? मी फक्त सकाळी नवीन शीट तयार करते. कशी करतेस? तर कालची कॉपी करते आणि वरची तारीख बदलते. आणि कालचे आकडे? ते पुसत नाहीस?

ती जरा ओशाळली. आधी ते कागदाच्या चिठ्ठ्या टाकायचे, घडी घालून, पेटीत. मग साहेबांनी सगळं एका शेअर केलेल्या शीटवर आणलं. सुरुवातीला ताई रोज जुने आकडे पुसायची. एक दिवस काकांनी लवकर येऊन आपले आकडे भरले होते, आणि हिने कालचे समजून पुसून टाकले. काका असे भडकले, असे भडकले, की दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून तिने पुसणं बंद केलं. ज्याचे त्याने बदलावेत. आणि बदलले की नाही ते कसं कळणार? मग तिला दुपारी वेळ मिळाला की ती शीट उघडायची, दोघांचे आकडे सारखे दिसायचे; पहिल्यांदा तिने आपलेही तसेच करून टाकले, मग रोज आपोआप तेच. तिला वाटायचं, या दोन मुरलेल्या नाकांचं एकमत आहे, तिथे माझं शेंबडं मत कशाला हवं? ती पण तसंच ठेवायची. पाणी हुंगून कधी बघितलंस शेवटचं? ती नखं बघायला लागली.

कळलं का तुम्हाला? मी तिथे जिन्याच्या पायरीवर बसलेच. मावशीला वाटतंय ते दोघं आहेत. त्यांना वाटतंय मावशी आहे. आणि शीटमध्ये जे आहेत ते हिवाळ्यातल्या कुठल्यातरी एका सकाळचे आकडे, रोज नवीन तारीख लावून उठून बसणारे. पूर्ण गाव जे पाणी पितंय ते एवढे महिने कुणीच हुंगलेलं नाही. कुणीच.

मावशीला सांगितलं तेव्हा ती उभी होती. तिने खुर्ची शोधली पण बसली नाही. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, 'दोघांना बोलव. आत्ता.' आणि स्वतः ग्लास धुवायला घेतले.

मग त्या छोट्या खोलीत बसलो आम्ही. पांढऱ्या भिंती, एक बेसिन, तीन खुर्च्या तीन भिंतींकडे तोंड करून. खुर्च्यांवर धूळ होती, त्यावर काका बसले तर त्यांच्या पँटवर चौकोन उमटला. मावशीने पाणी कोमट केलं, झाकून दोघांना दिलं, आणि मग त्यांच्यासमोर सरळ सांगून टाकलं, की माझं नाक हिवाळ्यापासून गेलंय. काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, माझ्याकडे नाही बघायचं. भिंतीकडे.

काकांनी ग्लास फिरवला. झाकण सरकवलं. आणि त्यांचा खांदा असा जरासा मागे गेला. मी मागून बघत होते म्हणून मला दिसलं. तिकडे ताईने पण झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

मग काका भिंतीलाच म्हणाले, की काहीतरी आहे, पण नाव नाही सांगता येत. ताई म्हणाली, मला पण नाही. त्यांची नाकं गंजली होती, मित्रांनो. वास येत होता पण त्याला ओळखायची सवय गेलेली. आणि जिला सगळ्या जगातल्या वासांची नावं पाठ आहेत, ती मधे उभी, रिकाम्या नाकाने. तिने एक ग्लास उचलला, झाकण काढलं, नाकाशी नेला, डोळे मिटले. सवयीनेच. आणि तसाच खाली ठेवला.

मग ती विचारत गेली. आंधळ्याने रस्ता विचारावा तशी. झाकण उघडल्याबरोबर आला की घोट घेतल्यावर? उघडल्याबरोबर, दोघंही. गोड आहे का? आहे, पण फळासारखा नाही. घशात राहतो का? नाही, वर कपाळात जातो. काका म्हणाले, नवीन प्लास्टिकची बादली उन्हात ठेवली तर येतो तसा काहीतरी. ताई म्हणाली, रंगाच्या दुकानासमोरून जाताना. मावशीचा चेहरा एकेका उत्तरासरशी उतरत गेला. शेवटी म्हणाली, आता परत हुंगा. त्यांनी हुंगलं. काका म्हणाले, अरे, आता तेवढा नाही येत. ताई म्हणाली, आता नाहीच येत.

'नाही येणार,' मावशी म्हणाली. 'हा वास नाकालाच मारतो. पहिल्यांदा येतो, दुसऱ्यांदा नाही. आणि हळूहळू वाढत आला असेल, तर उघड्या पाण्यात पहिल्यांदाही नाही; आज झाकून कोंडला म्हणून आला. म्हणून कुणाच्या घरून तक्रार आली नाही.'

वरच्या तळ्याच्या काठाला ते नवीन गोदाम झालंय ना, रसायनांच्या पिंपांचं? त्या उताराखालची माती काळी पडलीये असं काका आठवून आठवून म्हणाले. मागेच पाहिलं होतं त्यांनी, पण वासाचे आकडे नीट आहेत म्हणजे काही नसेल असं त्यांना वाटलं होतं.

मी त्या दोघांचे नवे आकडे भरले आणि स्क्रिप्ट चालवली. रोजच्या त्या शांत चेहऱ्याच्या शेजारी आजचं जाळं आलं. दोन रेघा, एकमेकींपासून जरा लांब, पण दोन्ही औषधी आणि गोडसर या काड्यांवर लांबच लांब बाहेर पडलेल्या. सुळे फुटल्यासारख्या. मावशीचा रकाना मी रिकामाच ठेवला होता.

आता खरा पेच ऐका. वरच्या तळ्याचं पाणी बंद करून गावाला खालच्या तळ्यावर घ्यायचं, तर तिथे लाल चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर दोन सह्या, आणि त्यातली एक मुख्य नाकाचीच. आणि सहीच्या वर छापलेलं असतं, की मी स्वतः वास घेतला. मावशी आयुष्यात कधी खोटं लिहिलेली बाई नाही. म्हणजे या सहा-सात महिन्यांत लिहिलं, पण ते न लिहून लिहिलं. आता लिहून लिहायचं होतं. खरं सांगितलं, की माझं नाक गेलंय, तर चिठ्ठी कचऱ्यात. आणि खोटं सांगितलं तरच पाणी थांबणार.

साहेबांकडे गेलो सगळे. ते खुशीत होते, तपासणीची माणसं यायचीयेत. मी चार्ट दाखवले. त्यांनी ते कौतुकाने बघितले, खाली खाली गेले, आणि आजच्या चार्टवर थांबले. म्हणाले, हा बिघडलाय. बाकी सगळे बघ किती छान जुळलेत. आणि मला म्हणाले, 'स्क्रिप्ट दुरुस्त कर.' मी म्हटलं, साहेब, बिघडलेले ते बाकीचे आहेत. ते हसले. तुम्ही पण हसला असता. एवढे सगळे एकसारखे एका बाजूला आणि एक वेडावाकडा दुसऱ्या बाजूला, कोण कुणाला बिघडलेला म्हणणार?

मग म्हणाले मशीन हिरवं आहे, सगळे आकडे मर्यादेत आहेत, तपासणी झाल्यावर बघू. मावशीने लाल चिठ्ठी टेबलावर ठेवली. ताईची सही होती. काकांनी पेन हातात धरून परत ठेवलं होतं, म्हणाले, दुसऱ्यांदा मला आला नाही गं, मी कसं सांगू. साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, 'बाई, तुम्हाला स्वतःला आला?'

खोलीत आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ताईला, काकांना, मला. कुणी भिंतीकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. मावशी एकदा फक्त माझ्याकडे वळली. मी लहान असताना मला ताप आला की ती माझा श्वास हुंगून सांगायची, उतरतोय की चढतोय. तशीच बघत होती. मग साहेबांना म्हणाली, 'आला.'

आणि सही केली.

ते नाव एवढं मोठं आहे ना, की साहेबांनी चिठ्ठी पुढे ओढली. फोन उचलला. पंपांचा तो घूंऽऽ आवाज हळूहळू खाली आला आणि बंद झाला. मी तिथे गेल्यापासून तो कधी बंद झालेला ऐकला नव्हता. काका म्हणाले, गावभर पसरलेल्या पाइपांत आणि घरांवरच्या टाक्यांत जे आहे ते आहेच, ते संपायला वेळ लागतो. गावात भोंग्याची गाडी फिरवून सांगायचं ठरलंय, पण साहेब म्हणाले आधी नमुने मोठ्या लॅबला जाऊ देत, उगाच घबराट नको. मावशी त्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसून आहे, गाडी निघेपर्यंत हलणार नाही म्हणाली. मला म्हणाली तू जा, तुझी माणसं आहेत त्यांना सांग. आणि मी निघताना हळूच म्हणाली, की गाडी निघाली की मी आत जाऊन साहेबांना नाकाचं खरं सांगणार. चिठ्ठी तोवर टिकली म्हणजे झालं.

पण कधीपासून, हे कुणालाच सांगता येत नाही. मी येताना फाइल परत उघडली होती. वाटलं, जाळ्यात कुठेतरी दिसेल, अमुक दिवशी एक काडी जराशी लांब झाली. काही नाही. पानोपान तोच चेहरा, नाक काढलेला, काहीच झालं नसल्यासारखा. म्हणजे परवापासून असेल. नाहीतर उन्हाळ्यापासून.

तर आता ग्लास घ्या एकेक. बशी काढू नका अजून. लंब्या, तू खिडकीकडे तोंड कर. तू दाराकडे. तू कपाटाकडे सरक. ग्लास जरा फिरवा, आणि मी सांगितल्यावर एकदाच झाकण सरकवून हुंगायचं. एकदाच, दुसऱ्यांदाचं काही खरं नाही. तोंडाला लावायचं नाही. आणि कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आधी आपापल्या फोनवर लिहायचं.

लंब्या, खिडकीकडे म्हटलं ना. माझ्याकडे बघू नकोस.